पहिलं वळण कोणाचं

आत्याला न्याय करता येत नसे. बाकी सगळं येई. इंजिन उघडून पुन्हा बसवणं येई, वेल्डिंग येई, गाडी दारात येऊन उभी राहायच्या आत नुसत्या आवाजावरून तिचं कुठे दुखतंय ते सांगता येई, आणि फुकटचा सल्ला विचारायला आलेल्या माणसाला एका वाक्यात रस्त्यावर परत पोचवणंही येई. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण दोन माणसं समोर उभी राहून "आता तूच सांग, कोणाचं चुकलं" म्हणाली, की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. मग ती पाना उचलायची आणि कुठल्यातरी गाडीखाली सरकायची. गाडीखाली गेलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हा तिचा अनुभव होता.

याला कारण होतं. तिच्या वडिलांना न्याय करायची फार हौस. ती आणि तिचा भाऊ भांडले, की वडील खुर्ची ओढून बसत, दोघांना समोर उभं करत, दोघांचं शांतपणे ऐकून घेत आणि निकाल भावाच्या बाजूने देत. दरवेळी. ऐकण्यात कसूर नाही, विचार करण्यात कसूर नाही, निकाल तेवढा ठरलेला. तेव्हाच तिने कानाला खडा लावला होता, की आयुष्यात काहीही करीन, पण अशी खुर्ची ओढून बसणार नाही.

पुढे तोच भाऊ अचानक गेला. त्याची बायको त्याच्याही आधी गेलेली. मागे राहिलं एक गॅरेज, गॅरेजच्या वर दोन खोल्या आणि दोन मुलगे. थोरला नुकता शाळेत जाऊ लागलेला, धाकटा अजून जिना बसून बसून उतरणारा. आत्या एक बॅग घेऊन आली ती राहिलीच. लग्नाचं विचारणारे आले, त्यांनाही तिने एका वाक्यात रस्त्यावर परत पोचवलं.

पोरांचं पहिलं भांडण खिडकीवरून झालं. वरच्या खोलीत दोन खाटा, त्यातली एकच खिडकीशी. तिथून रस्ता दिसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दिसायच्या, त्यामुळे दोघांनाही तीच हवी. दोघं तिच्यासमोर येऊन उभे राहिले, थोरला हाताची घडी घालून, धाकटा रडून नाक लाल करून, आणि म्हणाले, "आत्या, तू सांग." आत्याचा हात आपोआप ॲप्रनच्या खिशात गेला. तिथे दोन नट होते, एकाच मापाचे, एक पितळी आणि एक लोखंडी. तिने खिसा दोन्ही हातांनी उघडून धरला.

"डोळे मिटून एकेक काढा. पितळी ज्याला, खिडकी त्याला. लहान आधी."

धाकट्याला पितळी आला. थोरल्याने हाताची घडी सोडली आणि मुकाट्याने आपली उशी भिंतीकडच्या खाटेवर नेली. भावाशी भांडता येतं, आत्याशीही भांडता येतं, नटाशी काय भांडणार?

तेव्हापासून घरात तोच कायदा झाला. सायकल कोणी चालवायची, मागे कोणी बसायचं, आंघोळीला आधी कोणी जायचं, आत्याला इंजिन धुवायला मदत कोणी करायची, सगळं खिशातून निघायचं. आधी धाकट्याचा हात, मग उरलेला नट थोरल्याचा. पितळी नट जिंकणाऱ्याकडे पुढच्या वेळेपर्यंत राहायचा, तो त्याला बोटांत फिरवत बसायचा. लोखंडी नट तसाच खिशात पडून असायचा, हरलेल्या नटाला कोण कुरवाळणार? आणि आत्या मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमच्याकडे पक्षपात नाही. दोन नटांनी दोन पोरं वाढवली."

तिच्या या कौतुकाला एकदाच कोणीतरी टाचणी लावली होती. गॅरेजमध्ये भावाच्या वेळेपासून लेथवर लोखंडाचे भाग कातणारा एक गृहस्थ होता. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, कारण त्याच्या हातात चहाचा कप दिला तरी तो आधी डोळ्यांनी त्याचं माप घ्यायचा. तो म्हणाला, "आत्याबाई, या पोरांना पितळी अगदी निम्मा निम्मा कसा येतो हो? नशीब इतकं मापात नसतं."

"तू तुझं लेथ बघ," आत्या म्हणाली. मिलिमीटरने लेथ बघितलं.

पोरं ग्रीसमध्येच मोठी झाली आणि दोघांनाही एकच वेड लागलं. जुन्या दोन लहान गाड्या आणून त्यांनी आतून साफ उघड्या केल्या, आत्याने आतमध्ये पाइपांचे पिंजरे वेल्ड करून दिले, मिलिमीटरने जे कुठे मिळेना ते लेथवर काढून दिलं, आणि गॅरेजच्या रंगाऱ्याने दोन्ही गाड्यांना पिवळा रंग मारला. शहराबाहेरच्या ट्रॅकवर सुट्टीच्या दिवशी लहान शर्यती होत. जिंकून मिळायचं काय, तर एक कप, ज्यात चहा पिता येत नाही आणि जो पुसावा मात्र लागतो. पण आत्याने कपांसाठी भिंतीवर फळी ठोकली होती आणि ती रोज पुसायची.

तिने दोन्ही गाड्या अशा तंतोतंत सारख्या बांधल्या होत्या, की सुरुवातीच्या रांगेत बहुतेक वेळा दोघं भाऊ शेजारी शेजारीच उभे असत. आणि घोडं तिथेच अडत असे. सरळ पट्टा संपला की उजवीकडे पहिलं वळण, आणि त्याच्या आतल्या कडेला काँक्रीटची भिंत. दोन गाड्या शहाण्यासारख्या गेल्या तर मावायच्या. दोघींनी हट्ट केला तर मावायच्या नाहीत. एकदा सरावात दोघांनी हट्ट केला, दोन्ही गाड्यांचे दिवे फुटले, आणि दोघं हातात हेल्मेट घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "आत्या, तू सांग." एवढे दाढी-मिशांचे बाप्ये, पण उभे राहण्याची तऱ्हा तीच.

आत्याने पुन्हा खिसा उघडून धरला. पितळी ज्याला, पहिलं वळण त्याचं. दुसऱ्याने तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. एकदा ते वळण गेलं, की पुढे ज्याच्यात दम असेल त्याने जावं. पितळी नट दोऱ्याला बांधून जिंकणाऱ्याच्या डॅशबोर्डला लटकायचा. पुढची कितीतरी वर्षं दोन्ही गाड्यांना पहिल्या वळणावर ओरखडाही आला नाही. बाकीच्या टीमचे लोक म्हणायचे, या भावांचं कसं काय जमतं कळत नाही. आत्या काही सांगायची नाही. खिशावर हात ठेवून नुसती हसायची.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं, आणि ते थोडक्यात सांगितलेलं बरं.

सकाळी धाकट्याने खिशात हात घातला आणि लोखंडी काढला. थोरल्याने पितळी दोऱ्याला बांधला. शर्यत सुटली, थोरल्याने पहिलं वळण घेतलं, धाकट्याने ठरल्याप्रमाणे पाय उचलला, सगळं रोजच्यासारखं. पण मागे कुठल्यातरी परक्या गाडीचं इंजिन फुटलं आणि ट्रॅकभर तेल सांडलं. लाल झेंडे निघाले, शर्यत थांबली. भुसा टाकून तेल पुसलं, आणि सगळ्या गाड्या होत्या त्याच जागी, त्याच रांगेत पुन्हा उभ्या केल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कधी झालीच नव्हती. त्यामुळे तेव्हा नटाचं काय करायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. मधल्या वेळात आत्या दोघांच्याही गाडीशी जाऊन आली. टायरची हवा बघितली, दोघांनाही पाणी पाजलं, धाकट्याच्या हेल्मेटची काच पुसली. नटाचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. थोरल्याने गृहीत धरलं, की पितळी माझ्या डॅशबोर्डला लटकतोय, वळण माझं. धाकट्याने गृहीत धरलं, की त्याचं वळण त्याने मघाशी घेतलं, आता ही नवी सुरुवात. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण दोघांनाही आपापलं म्हणणं इतकं उघड वाटत होतं की त्यात विचारायचं काय?

हिरवा दिवा लागला. दोन पिवळ्या गाड्या पट्ट्यावरून जोडीने निघाल्या आणि वळणापाशी थोरल्याने बाहेरून आत वळवली, धाकटा पाय उचलणार या खात्रीने. आतल्या बाजूला धाकटा तसाच राहिला, थोरला जागा देणार या खात्रीने. आत्याने कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली होती. आवाज आला तेव्हा, इतकी वर्षं आवाजावरून इंजिनं ओळखणाऱ्या त्या बाईला, काय मोडलं ते बरोबर कळलं.

थोरल्याची गाडी गिरकी घेऊन गवतात थांबली. धाकट्याची भिंतीत घुसली आणि इंजिन त्याच्या पायांवर आलं. आत्याने वेल्ड केलेला पिंजरा जागचा हलला नव्हता, म्हणून पोरगा जगला. उजवा पाय मात्र घोट्याच्या वरून काढावा लागला.

ट्रॅकच्या कमिटीने चित्रीकरण पुढे-मागे करून बघितलं, दोघांना प्रश्न विचारले आणि निकाल दिला, की हा शर्यतीत होणारा अपघात आहे, दोष एका कोणाचा नाही. नटाबद्दल कोणी कमिटीला सांगितलं नाही. हसले असते. पण त्यामुळे झालं असं, की कमिटीचा निकाल बाहेरच्यांना पुरला आणि घरच्यांना पुरला नाही. कारण खरा प्रश्न त्या चित्रीकरणात दिसतच नव्हता.

तो प्रश्न गॅरेजमध्ये रोज चहाला निघायचा. रंगाऱ्याने साखरेचा डबा भिंत म्हणून ठेवायचा, मिलिमीटरने दोन कप गाड्या म्हणून सरकवायचे.

"पहिलं वळण म्हणजे पहिलं," मिलिमीटर म्हणायचा. "थोरल्याने ते एकदा घेतलं. स्क्रूचा आटा एकदा पाडला की पाडला, तोच परत पहिल्यापासून पाडता येतो का?"

"तुझं लोखंडाचं झालं रे," रंगारी म्हणायचा. "रंगाचा पहिला हात बिघडला, तो मी खरवडून काढला आणि परत मारला, तर तो पहिलाच हात ना? शर्यत थांबवली म्हणजे ती झालीच नाही. पितळी कोणाकडे होता? थोरल्याकडे. विषय संपला."

"मग पहिल्या खेपेला धाकट्याने पाय उचलला तो काय हवेत गेला?"

"पाय हवेत गेला" म्हटल्यावर दोघंही आपापले कप उचलून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू चहा थंड होऊ लागला, आवाज चढू लागले, आणि एक दिवस रंगाऱ्याने आपला कप वेगळा नेऊन स्प्रेच्या खोलीत प्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची दोस्ती दोन नटांपायी गेली. आत्या हे सगळं गाडीखालून ऐकायची. तिच्या हातातला पाना कितीतरी वेळ एकाच बोल्टवर असायचा.

थोरला तर ओळखू येईना. तो कामाला यायचा, पण तिरपाल टाकून ठेवलेल्या आपल्या पिवळ्या गाडीत जाऊन बसायचा. नट तिथे तसाच लटकत होता. वर भावाच्या खोलीत तो रोज जायचा, औषधं द्यायचा, उशी नीट करायचा, आणि दोघं हवापाण्याबद्दल बोलायचे. जन्मात कधी ते दोघं हवापाण्याबद्दल बोलले नव्हते.

धाकटा खिडकीशी पडून असायचा. आता ती खाट त्याला न मागता मिळाली होती. कोणाची चूक, कोणाची नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नसे. मिलिमीटर वर जाऊन त्याला सांगून आला, "पोरा, मी तुझ्या बाजूने आहे." धाकटा म्हणाला, "काका, मला बाजूबिजू काही नको. जरा ती खिडकी उघडता का?"

थोरल्याचं मध्यंतरी लग्न झालं होतं, त्याच्या बायकोने बरेच दिवस सहन केलं. ती शांत बाई होती, भांडी आपटणारी नव्हती. एका दुपारी ती खाली आली, आत्या ज्या गाडीखाली होती तिच्याशी गुडघे टेकून बसली आणि गाडीखाली बघत म्हणाली, "आत्या, बाहेर या. हे जेवत नाहीत. झोपेतून उठून बसतात. तुम्ही एकदा काय ते सांगून टाका."

"मी काय सांगणार गं?"

"चुकलं म्हणा. नाहीतर नाही चुकलं म्हणा. पण म्हणा."

मागे थोरला उभा होता. तेवढ्यात जिन्यावर कुबड्यांचा आवाज आला. खालचं बोलणं ऐकून धाकटा एकेक पायरी उतरत होता. शेवटच्या पायऱ्या त्याला जमेनात, तेव्हा तो लहानपणी उतरायचा तसा बसून उतरला, आणि ते बघून आत्या गाडीखालून बाहेर सरकली.

"आत्या," थोरला म्हणाला, "मी चुकलो असं तू म्हणालीस ना, तर मी मान्य करीन. खरंच. जन्मभर मान्य करीन. पण असं अधांतरी नाही राहवत गं. नट तुझा, नियम तुझा. मग हे पण तूच सांगायला हवंस."

"दादा, कशाला उकरतोस?" धाकटा तळच्या पायरीवरून म्हणाला. "राहू दे ना."

"तू गप्प बस. तुझ्या गप्प बसण्यानेच मी वेडा व्हायची पाळी आलीय." थोरल्याचा आवाज फुटला. "आत्या, लहानपणापासून कधी एक शब्द बोलली नाहीस. आम्ही रडत यायचो आणि तू खिसा पुढे करायचीस. आम्हाला तू वाढवलंस की त्या नटांनी?"

आत्याचा हात खिशात गेला. सवयीने गेला. तिथे एकटा लोखंडी नट होता. तिने तो मुठीत धरला आणि समोर बघितलं. थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. त्याच्या पॅन्टचा उजवा पाय खाली दुमडून पिन लावली होती. पिन आत्यानेच लावली होती. तिला वाटलं, या पोराचं एवढं गेलं, त्याला काहीतरी मिळायला हवं. दुसरं द्यायला आपल्याकडे आहेच काय?

"थोरल्या," ती म्हणाली, "तुझं चुकलं."

स्प्रेच्या खोलीच्या दारात रंगारी उभा होता, तो आत वळला.

थोरल्याने मान हलवली. एकदा, दोनदा. जणू एखाद्या गाडीचा बिघाड त्याला कोणी समजावून सांगत होतं. मग तो आपल्या गाडीशी गेला, आत वाकून त्याने दोरा तोडला आणि पितळी नट आत्याच्या बाकावर आणून ठेवला. आपटला नाही, ठेवला. "बरं झालं, सांगितलंस," तो म्हणाला. मग तो धाकट्यासमोर उकिडवा बसला, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठला. तो आणि त्याची बायको वर गेले आणि थोड्या वेळाने सामान घेऊन उतरले. बायकोच्या माहेरी कोणाचंतरी गॅरेज होतं, तिथे काम मिळेल, असं काहीसं ती म्हणाली. इतका वेळ निकाल मागणाऱ्या त्या शांत बाईने आत्याकडे असं बघितलं, की आत्याला वाटलं, हिने भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

ते गेले तसं मिलिमीटरने लेथ बंद केलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. जिंकलेल्या बाजूचा असूनही त्याचं तोंड उतरलं होतं.

"का बोललीस?" धाकटा म्हणाला. आत्याने त्याचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. "आजवर कधी बोलली नाहीस, मग आजच का?"

"तुझं एवढं नुकसान झालं रे. म्हटलं, निदान..."

"पाय बघून बोललीस. वळण बघून नाही." त्याने कुबडी भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, त्याने उचलली नाही. "माझे दोन्ही पाय असते तर असं बोलली असतीस का? दादाला ते कळलं नसेल असं वाटतं तुला? तू त्याची चूक नाही सांगितलीस आत्या, त्याला हाकलून दिलंस."

आत्या बाकापाशी स्टुलावर बसली. वडील डोळ्यांसमोर आले, खुर्ची ओढून बसलेले. दुपारचं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं होतं आणि रिकाम्या जागेवर, जिथे थोरल्याची मोटारसायकल उभी असायची, तिथे तेलाचा डाग चमकत होता. तिने डोळे मिटून घेतले. एका हातात लोखंडी नट होताच. दुसऱ्या हाताने तिने बाकावरचा पितळी चाचपला आणि दोन्ही ॲप्रनच्या खिशात टाकून त्यांच्याशी चाळा करत बसली. इतक्या वर्षांत ती नेहमी खिसा धरणारी होती. त्या पहिल्या भांडणानंतर दोन नट आत असताना तिने स्वतः हात कधी घातला नव्हता.

तिची बोटं मध्येच थांबली.

एका नटाचे कोपरे धारदार होते, जसे कारखान्यातून आले तसे. दुसऱ्याचे झिजून गुळगुळीत झाले होते, जिंकणाऱ्यांनी बोटांत फिरवून फिरवून. डोळ्यांनी बघताना नुसता रंग दिसतो, कोपऱ्यांकडे कोणाचं लक्ष जातं? पण हाताला कळत होतं. बोट लागताच कळत होतं. तिच्या घट्टे पडलेल्या बोटांनाही कळत होतं, मग पोराच्या बोटांना?

लहान आधी. नियम तिचाच होता. दरवेळी आधी धाकट्याचा हात जायचा, थोरल्याला उरलेला मिळायचा. आणि तरी निम्मा निम्मा यायचा. मिलिमीटर म्हणाला होता.

तिने डोळे उघडले. धाकटा तिच्या खिशाकडेच बघत होता.

"तुला कळायचं," ती म्हणाली.

त्याने पडलेली कुबडी उचलून मांडीवर घेतली.

"कधीपासून?"

"शाळेत असल्यापासून."

"मग दरवेळी पितळीच का नाही काढलास रे?"

धाकट्याला हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "दादाला पण खिडकी हवी असायची ना," तो म्हणाला. "एकदा त्याची, एकदा माझी. मी ठेवायचो लक्षात."

"आणि त्या दिवशी?"

"सकाळी त्याची पाळी होती. दिली." तो थोडा थांबला. "परत सुरुवात झाली तेव्हा माझी होती."

आत्याने तोंडावर हात दाबला. नटांनी पोरं वाढवली म्हणून ती जगभर मिरवली होती. नटांनी काही केलं नव्हतं. जिना बसून उतरणारं हे पोर इतकी वर्षं एकट्याने तो न्याय करत होतं, जो तिला कधी जमला नाही, आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. थोरल्याला माहीत असतं, की पाळी असते, तर त्याने गाडी आत वळवली नसती. पण त्याला तरी कोण सांगणार होतं?

"मी आत्ता फोन करते," ती उठत म्हणाली. "सांगते त्याला. परत बोलावते."

"नको." धाकट्याने तिचा ॲप्रन धरला. "आत्या, नको. त्याला कळलं ना, की पाळी माझी होती, तर तो तू म्हणालीस तेच धरून बसेल. आपलीच चूक म्हणून. आणि लहानपणापासूनचं सगळं आठवून आठवून मरेल. आत्ता निदान तुझ्यावर रागावता येतंय त्याला."

संध्याकाळी फोन वाजला. थोरलाच होता. घरातून कोणीही बाहेरगावी गेलं की पोचल्याचा फोन करायचा, ही शिस्त आत्यानेच लावली होती, आणि एवढं होऊनही त्याने ती मोडली नव्हती. धाकटा पायरीवरच बसून होता, तिच्याकडे एकटक बघत.

"पोचलो," थोरला म्हणाला. मागून दुसऱ्या कुठल्यातरी गॅरेजचा आवाज येत होता.

आत्याच्या जिभेवर सगळं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला काय सांगायचं ते नक्की माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"